दिवसा काही दिसत नाही

नाही, मला एक सांगा, साबण लावून, नखांच्या आतून, बोटांच्या बेचक्यांतून, पार मनगटापर्यंत घासघासून धुतलेला हात स्वच्छ म्हणायचा की नाही? म्हणायचा ना? मग आमच्या सिस्टर म्हणतात, "मामा, परत धुवा." धुतला. "मामा, अजून आहे." परत धुतला. "मामा, धुताय की नुसताच पाण्याखाली धरताय?" अरे! मी हॉस्पिटलच्या धुलाई विभागातला माणूस, अख्ख्या हॉस्पिटलचं रक्त, ओकारी, औषधं, काय काय ते चादरींवरून घालवण्यात माझी हयात गेली, आणि मला हात धुता येत नाही?

झालं काय, आमच्याकडे हात धुण्याचं प्रशिक्षण निघालं. म्हणजे कसं, की हातांना एक मलम फासायचं, मग हात धुवायचे, मग खोलीचे पडदे ओढून, अंधार करून, ते हात एका जांभळ्या दिव्याखाली धरायचे. मलम कुठे राहिलं असेल तर तेवढी जागा चमकते. चमकली की नापास! आमचा इस्त्रीवाला, जो डबा खाण्याआधीसुद्धा हात धुत नाही, तो पास! आणि मी? पंजा स्वच्छ हो, पंज्यावर ठिपका नाही, पण बाही वर सरकवलेली ना, तर मनगटाच्या वर नुसता झगझगाट. गुलाबी काय, हिरवा काय, लग्नाचा मांडव पेटल्यासारखा! "मामा, हे काय फासलंय?" म्हटलं, सिस्टर, ते निघायचं नाही. "का नाही निघायचं? घासा!" म्हटलं, सिस्टर, ते कातडीच्या आत आहे.

आणि तो टॅटूवाला मला काय म्हणाला होता? "काका, निर्धास्त राहा. दिवसा काही दिसत नाही!"

थांबा, हसू नका. या वयात टॅटू कशाला, हेच मनात आलं ना तुमच्या? माझ्याही आलं होतं. तर तुम्हाला सांगतो, माझी बायको गेली. आमच्याच हॉस्पिटलात गेली. ती वरच्या मजल्यावर पडलेली, मी तळघरात मशीनपाशी. प्रत्येक गठ्ठ्यावर वॉर्डचा शिक्का असतो, त्यामुळे तिच्या वॉर्डचा गठ्ठा खाली आला की मी कुणाला हात लावू देत नव्हतो. आता त्यातली तिची चादर कोणती, कसं कळणार? म्हणून सगळ्याच नीट धुतल्या. तो वॉर्ड तेवढे दिवस राजवाड्यासारखा पांढराशुभ्र होता, लोक कौतुक करायचे. मग एकदा गठ्ठा आला आणि वर भेटायला जायचं कारण उरलं नाही. गठ्ठा मात्र धुवावा लागला. ती गेली आणि दिवस उलटले तसे लोक म्हणायला लागले, "मामा, सावरलात हो तुम्ही! कमाल आहे!" म्हटलं, हो ना. दिवसा काही दिसत नाही.

तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. "अहो." संपलं. पण त्या एका "अहो"चे प्रकार किती! "अहो" म्हणजे पिशवी घेऊन जा. "अहोऽऽ" म्हणजे दार वाजतंय, तुम्हाला ऐकू येत नाही का. "अहो?" म्हणजे हे कपाळावर आठ्या कशाला. आणि "अहो!" असा तोडून टाकलेला आला की समजायचं, न्हाणीघरातला दिवा चालू राहिलाय. तो दिवा बंद करायचं मला कधी म्हणजे कधी सुचलं नाही. मग तिने एक दिवस कागदाची पट्टी घेतली, स्केचपेनने लिहिलं, 'अहो, दिवा बंद करा', आणि बटणाच्या वर चिकटपट्टीने लावून दिली. तिला लिहायची सवय नाही, वाणसामान तोंडपाठ, हिशेब तोंडपाठ. तेव्हा तिच्या हातचं घरात जे काही अक्षर होतं ते एवढंच.

आता ही चिकटपट्टी न्हाणीघराच्या वाफेने सुटायला लागली. कागद पिवळा, कोपरे वळलेले. आणि त्याच सुमारास मुलगी आली. लांब नोकरीला असते, सुट्टीला येते. हिच्या खांद्यावर मासा! म्हणजे दिसत नव्हता हं, तिनेच छोटी बॅटरी काढली, जांभळी, आणि मारली खांद्यावर, तर निळा मासा पोहतोय! मी म्हटलं, हे काय आणि? "बाबा, नाचायला जातो ना, तिथे असे दिवे असतात, तिथेच दिसतो. ऑफिसात कुणाला पत्ता नाही." आणि मला, तुम्हाला खरं सांगतो, ते भयंकर आवडलं. म्हणजे आहे, अंगावर आहे, आपल्याजवळ आहे, आणि कुणी विचारायला येत नाही! कुणी "सावरा हो" म्हणत नाही! मला तर हेच पाहिजे होतं की. ती परत गेल्याबरोबर पट्टी सोडवली, खिशात घातली, आणि गेलो तिच्याच टॅटूवाल्याकडे; मासा तिने मागच्या सुट्टीत इथल्याच दुकानात काढून घेतला होता.

दुकान एवढंसं. एक दाताच्या डॉक्टरकडे असते तसली खुर्ची, भिंतीवर वाघ, साप, कवट्या, आणि त्यात मी, डबा हातात घेऊन. त्याला पट्टी दाखवली. म्हटलं, हे 'अहो' पाहिजे मला हातावर, अक्षर बदलायचं नाही, जसंच्या तसं काढ. "जसंच्या तसं?" म्हटलं, जसंच्या तसं! इथे चुकलं बघा. तेव्हा कळलं नाही, पण इथेच.

म्हटलं, त्रास नाही ना व्हायचा? "छे, काका! एकदम सेफ." कशावरून? "अजून कोणी तक्रार घेऊन परत आलं नाही." म्हटलं, परत यायला शिल्लक आहेत ना? तर हसला. रंगाची बाटली दाखव म्हटलं, त्यात काय काय असतं बघू. "परदेशी आहे, काका." अरे हो, पण तिच्यावर लिहिलंय काय? "परदेशी लिहिलंय!" म्हणजे भाषाच परदेशी. बरं, मी तरी काय वाचणार होतो? धुलाईच्या पावडरीच्या पोत्यावरचं मी सगळं वाचतो, हातमोजे घाला, डोळ्यांत जाऊ देऊ नका... आणि इथे जे कातडीच्या आत जाणार त्याच्यावर नुसतं चमकणारं घुबड छापलेलं. मी निमूट हात पुढे केला.

रक्त बघायची मला सवय आहे, पण दुसऱ्याचं. मी तोंड भिंतीकडे केलं. तो आपला दिवा लावून टोचतोय, टोचतोय, टोचतोय... मला वाटलं, दोन अक्षरांना एवढा वेळ? पण म्हटलं बारीक काम असेल. शेवटी म्हणाला, "काका, पहिल्या शब्दाला गुलाबी टाकलाय, उठून दिसेल!" पहिला शब्द म्हणजे काय, शब्द एकच तर आहे, असं मला तेव्हा वाटायला पाहिजे होतं की नाही? नाही वाटलं. पट्टी परत मागितली तर ओली. छाप काढताना त्याने स्पिरिटचा बोळा त्याच्यावरच ठेवला होता. स्केचपेन ते! नुसता जांभळा डाग. मी त्या डागाकडे बघत उभा. तो म्हणाला, "काका, कशाला काळजी करता, आता हातावर आहे ना, कायमचं!" आणि हाताला बँडेज बांधून, जखम भरेपर्यंत दिवा मारू नका म्हणून मला बाहेर काढलं. बाहेर ऊन. हाताकडे बघितलं. दिवसा काही दिसत नाही!

आणि घरी माझ्याकडे कुठला आलाय जांभळा दिवा? मुलगी सुट्टीला येईल तेव्हा बॅटरी आणेल, मग बघू, असा आपला हिशेब. तर त्याआधी हे हात धुण्याचं प्रशिक्षण!

म्हणजे मी स्वतः ते पहिल्यांदा बघितलं ते सगळ्या स्टाफसमोर. सिस्टरनी माझा हात धरला, दिव्याखाली वळवला, चष्मा नाकावर सरकवला आणि मोठ्याने वाचलं, "अहो... दिवा... बंद करा." आणि सिस्टरनी काय करावं? दिवा बंद केला! अंधार गुडुप. मग इस्त्रीवाला फुटला, मग बाकीचे, हसताहेत, हसताहेत... तो गाढव टॅटूवाला! जसंच्या तसं म्हटलं तर अख्खंच्या अख्खं वाक्य काढून ठेवलं! जे दिवा लावल्याशिवाय दिसत नाही, त्याच्यात काय लिहिलंय, तर दिवा बंद करा! मीही हसलो. खोटं नाही सांगत, हसलो. पण मला त्यातला 'द' दिसला होता. तिने पट्टीवर 'द'ची शेपूट फार लांब ओढली होती, खाली ओळ असती तर तिला लागेल इतकी. म्हटलं, सिस्टर, परत लावा ना जरा. त्यांनी लावला. मग कुणी हसलं नाही. तिला सगळे ओळखत होते.

तर ते असं होतं. त्यानंतर मला खाज सुरू झाली. हिरवं गप्प, गुलाबीला खाज. आधी वाटलं साबण लागला असेल. मग ते सुजलं. मग गांध आली. आणि गांध कशी? 'अ', 'हो'! नीट, वळणदार, लालबुंद, बोट फिरवलं तर आंधळ्यानेही वाचावं! उठून दिसेल म्हणाला होता ना? उठलं की हो! भाजीवाला वाचतो, "काका, हातावर अहो लिहिलंय का?" कंडक्टर वाचतो. दिवसा काही दिसत नाही म्हणे! दिवसाच दिसायला लागलं! आणि त्याच्याकडे गेलो, हात पुढे केला, तर त्याचा चेहरा पांढराफटक. "काका, तुमच्या मुलीला तर काही झालं नाही." म्हटलं, नाही रे बाबा, तिचा मासा मजेत आहे. "काका, हा गुलाबी मी नवीनच मागवला होता." म्हणजे परत न आलेल्या लोकांत गुलाबीवाला कोणी नव्हताच! मीच पहिला!

आमचे कातडीचे डॉक्टर चांगले आहेत, पण बोलणं तोडून. म्हणाले, "रंगात काय होतं?" म्हटलं, घुबड. म्हणाले, "बाटलीवर धड लिहिलेलं नसतं, आणि काहींना चालतं, काहींना नाही." नाही चाललं तर? "तर ते माझ्याकडे येतात." म्हटलं लेझर मारा. "गाठी झाल्यात, आत पू आहे, यावर लेझर नको. कापून काढू." म्हटलं डॉक्टर, एक करा, हिरवं सगळं काढा, गुलाबी ठेवा. ते माझ्याकडे बघतच राहिले. "मामा, हिरव्याला काही झालेलं नाही. गुलाबीच सडतंय."

आता काय सांगू त्यांना? की मला तेवढंच पाहिजे होतं? की बाकीचं वाक्य त्या गाढवाची भर आहे? गेलोच नाही मी परत. बाही खाली ओढली, मशीनवर उभा राहिलो. हात भप्प सुजला, बगलेत गाठ आली, अंगात ताप, ओला गठ्ठा उचलताना डोळ्यांपुढे काजवे. कुणी विचारलं तर म्हणायचो, काही नाही, बरा आहे. आणि मग मुलगी आली, तिने बाही वर केली आणि रडायलाच लागली. "बाबा, मीच ती बॅटरी दाखवली तुम्हाला." म्हटलं, अगं, तुझा काय संबंध? "बाबा, हात जाईल! आई असती तर काय म्हणाली असती?"

मी म्हटलं, "अहो म्हणाली असती."

तिने रिक्षा बोलावली.

कापलं. भूल दिली होती हाताला, तरी कळतं हो, काहीतरी ओढतायत ते. डॉक्टर म्हणाले, बघू नका. यावेळी मी तोंड भिंतीकडे केलं नाही, बघितलं. एवढासा तुकडा. बरणीत घातला, वर चिठ्ठी, तपासायला रवाना. आत काय काय होतं ते कळेल म्हणे. मला माहीत आहे आत काय होतं. असो. ताप उतरला, हात वाचला, बोटं हलतात, बघा, हलतात. डॉक्टरांचे उपकार आहेत, मी नाही म्हणत नाही.

परवा टाके काढले. टाके काढायला नवीन नर्स, कोवळी पोर, तिला कुणी काही सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आजूबाजूला गुलाबी राहिलाय का, दिव्याखाली बघून घे. तिने दिवा लावला. गुलाबी कुठे टिपूससुद्धा नाही, तिथे नुसतं सपाट, शिवलेलं. आणि त्याच्या पुढे हिरवंगार, चकाचक, काही म्हणता काही झालेलं नाही: 'दिवा बंद करा'.

पोर काय खूश झाली! "अय्या, मामा, विजेची बचत? हॉस्पिटलने काढायला लावलंय का हे?"

आता या लेकराला काय सांगू? की इतकी वर्षं हे एका माणसाला, एका माणसाने सांगितलेलं होतं? म्हटलं, हो गं बाई, हॉस्पिटलनेच. बायकोची हाक गोंदवायला गेलो होतो, तुम्हाला सांगतो... सूचना फलक होऊन परत आलो!