उपरण्याच्या गाठी

कमलबाई : चौतीस वर्सांची झालीस, कालेजात शिकवतीस, आन् म्हनं लक्ष टिकत न्हाय! ह्यालाबी आता डॉक्टर निघालेत व्हय?

अर्पिता : निघालेत, आत्या. सोलापुरात आहेत. एडीएचडी म्हणतात. असतो लहानपणापासूनच, माझ्यासारखीला मोठेपणी कळतो.

कमलबाई : आमच्या येळी येंधळेपना म्हनायचे. दोन धपाटे घातले की जायचा.

अर्पिता : मला घातलेत की तुम्ही. गेला का?

कमलबाई : कमी पडले आसतील.

अर्पिता : हा कागद बघा. शाळेच्या वयात मी कशी होते, ते मला तेव्हा पाहिलेल्या माणसानं सांगायचंय. सोमवारी, समोर बसून. त्याशिवाय डॉक्टर पुढं जायला तयार नाहीत. आई नाही. अप्पा असते तर… तुम्हीच राहिलात.

कमलबाई : म्या न्हाय यायची. माझ्या भावाच्या तेराव्याला महिना झाला न्हाय, आन् त्याच्या लेकीला येडी ठरवाय जाऊ?

अर्पिता : येऊ नका. नुसतं सांगा, मी लिहून घेते. वस्तू हरवायचे का मी?

कमलबाई : हरवायची? दहाव्याचा डबा एसटीत ठिवून उतरलीस! तूच करून आननार म्हनलीस ना? सगळी भावकी नदीवर, कावळा झाडावर, आन् माझ्या भावाचा भात चालला उमरग्याला!

अर्पिता : ते आत्ताचं. लहानपणीचं विचारलंय.

कमलबाई : लहानपनी काय येगळं होतं? एका पायात चप्पल घालून शाळंतनं आलीस. दुसरी कुठं, तर म्हनं मुंग्या बघत होते. दप्तर दोनदा खंडोबाच्या देवळात सापडलं. दुधाकडं बघ म्हनलं तर बघतच बसायची, उतू जाईस्तोवर.

अर्पिता : …उतू जाईस्तोवर. हं, पुढं?

कमलबाई : लिहितीस काय? शिव्या देतीय म्या तुला.

अर्पिता : त्यांना ह्याच लागतात. पण ते विचारतील, मग शाळेत पहिला नंबर कसा यायचा?

कमलबाई : तुझा? बापाचा म्हन. सकाळी उपरन्याला गाठी मारून निघायचा. एक वहीची, एक डब्याची, एक परीक्षेच्या तारखेची. म्या म्हनायची, दादा, हे उपरनं हाय का माशाचं जाळं?

अर्पिता : मला वाटायचं, त्या त्यांच्या कामांच्या गाठी आहेत. अप्पा विसराळू आहेत म्हणून हसायचे मी.

कमलबाई : विसराळू? कुनाची म्हैस कवा व्याली तेबी सांगायचा. आपल्या कामाची एक गाठ कवा मारली न्हाय त्यानं.

अर्पिता : नोकरी लागल्यावरही रोज सातला फोन यायचा. किल्ली घेतलीस का, पेपर घेतलेस का. मी चिडायचे.

कमलबाई : तू व्हय म्हनलीस की एकेक गाठ सोडायचा. माझ्यासमोर बसून.

अर्पिता : आता तो फोन येत नाही. परवा गॅस चालू ठेवून कॉलेजला गेले, आत्या. शेजारच्या महेश्वरीताईंना वास आला म्हणून वाचलं.

कमलबाई : आन् हे आता सांगतीस! एकटी ऱ्हातीस तिथं तुळजापुरात!

अर्पिता : म्हणून तर डॉक्टर.

कमलबाई : गोळी घेतली की झालं?

अर्पिता : नाही. आधी पंधरा दिवसांनी जायचं, मग दर महिन्याला. झोप, भूक, डोस, सगळं बघतात. वर्षानुवर्षं.

कमलबाई : म्हंजे इसरनाऱ्या मानसानं दर महिन्याची तारीख ध्यानात ठिवायची. लई हुशार डॉक्टर!

अर्पिता : हसू नका.

कमलबाई : सोमवारी कवा?

अर्पिता : नऊची एसटी. मी आठवण करायला फोन—

कमलबाई : तू? आठवन करनार? गप बस.

(कमलबाई पदराच्या टोकाला गाठ मारतात.)

अर्पिता : तुमच्या लक्षात राहील की, आत्या.

कमलबाई : माझ्या ऱ्हातंय. ही तुझी हाय.