त्रासाचा रकाना

स्तनाच्या कर्करोगावर दोन औषधं एकत्र देऊन पाहणाऱ्या विभागाबाहेर, माझ्या मागच्या बाकावर एक नणंद भावजयीची चाचणीसाठी रोज भरायची वही चाळत होती.

"वहिनी, त्रासाच्या रकान्यात रोज 'नाही'? चार पायऱ्या चढलात तरी धाप लागते तुम्हाला!"

"हळू बोल गं. यकृतात पसरलेली गाठ पहिल्यांदाच लहान झालीय. धाप लागते म्हटलं, तर चाचणीतून काढून टाकतील मला."

"आणि लपवून काही झालं म्हणजे?"

"तू नणंद आहेस की हेर?"

"दादाला काय सांगू मी?"

"त्यांना काही सांगू नकोस. लगेच रडायला लागतात."

दार उघडलं. "ताई, वही भरलीत ना?" नर्सने विचारलं.

"भरली."

"एक ओळ राहिलीय, सिस्टर. वहिनी, पेन द्या."

"नको ना गं..."

"द्या."