ताईंचा पांढरा मनीप्लांट

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, मी आठवीतच शाळा सोडली. शब्दही साधेच आहेत.

महाल भागातल्या एका ताईंकडे मी झाडांचं काम करतो. पुण्याला जाताना त्यांनी हॉलमधला पांढऱ्या डागांचा मनीप्लांट माझ्यावर सोपवला. म्हणाल्या, "नुसती हिरवी फांदी आली तर काप, नाहीतर सगळा वेल हिरवा होईल."

मी रोज सकाळी हिरवं कापायचो. तरी वेल भलताच उघडा पडत चालला. पाचव्या दिवशी दुपारी गेलो, तर ताईंचे सासरे डागवाली पानं खुडत होते.

"बाबूजी, काहून तोडून राहिले?"

"रोग लागला गा त्याले. अन् तू रोज चांगले पानं कापतं. मले वाटलं, तुले दिसत नाही."

"डागवालेच ठेवायचे होते, बाबूजी."

"मंग मले कोण सांगितलं?"

कुंडीत नुसती दांडी उरली होती, आणि ताई उद्या येणार होत्या.

"सूनबाईले सांगू, उंदरानं खाल्लं," बाबूजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर गेलो आणि ऑटोत बसायच्या आधीच ताईंना सगळं खरं सांगून टाकलं. घरी पोचलो, तर बाबूजी कुंडीजवळ उंदराचा पिंजरा लावत बसले होते.