‘खांदेमळणी’ पाहून माझ्या पोटात का दुखलं

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या मुख्याध्यापिका सत्यशीला मॅडम, सत्कारमूर्ती राधाकिसन सर, सौ. जयवंताबाई वहिनी, प्रमुख पाहुणे बद्रीनाथराव, वडीगोद्रीचे ग्रामस्थ आणि विद्यार्थी मित्रहो,

सरांच्या चित्रकलेबद्दल सगळे भरभरून बोलले. पिक्चरबद्दल अवाक्षर न्हाई. सहा वर्षांपूर्वी सरांनी मोबाईलवर ‘खांदेमळणी’ नावाचा भयपट काढला होता. कुणी पाहिलाय? हात वर करा. बघा, एकही हात न्हाई!

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो. पिक्चरमध्ये कुणीतरी झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हळद लावून जातं. दुसऱ्या दिवशी तो माणूस खलास. किती साधं! तीस वर्षं या शाळेच्या गॅदरिंगची नाटकं मी लिहितो, मग हे मला का सुचू नये? रक्त म्हणून बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग. बैलाच्या मुखवट्यात साक्षात वहिनी. हसू नका, बाभळीमागं नुसती घुंगरमाळ वाजते, माणूस दिसत न्हाई, तिथं मी मागं वळून पाहिलं. सरांनी मत विचारायला मला एकट्याला आधी दाखवला होता. मी म्हणालो, “बरा आहे.”

पोळ्याच्या संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर तो दाखवायचा होता. पडदा बांधून झाला, आणि गावानं नकार दिला. सणाला मरण दाखवलं तर बैलं दगावतील, अशी हूल उठली. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही तरी सांगा की लोकायला. आम्ही काय बैलायचं वाईट चिंतून राह्यलो का?”

मी म्हणालो, “वहिनी, गावापुढं कुणाचं चालतं?”

सरांनी स्वतःच्या हातानं पडदा सोडला. त्यानंतर पिक्चरचं नाव काढलं न्हाई.

मंडळी, ती हूल मी उठवली होती. पारावर बसून, बद्रीनाथराव, तुमच्यासमोर. कारण काय? जळफळाट. दुसरं बिलकुल काही न्हाई. सर, सहा वर्षं तुम्ही समजत आलात की गावाला तुमचा पिक्चर नको होता. गावानं तो पाहिलाच कुठं? नको होता तो मला. आणि खरं सांगतो, आजही तो माझा असता तर, असं वाटून जीव जळतो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पदरात घ्यावं. बाकीची माफी सभेच्या हातातली न्हाई. ती सर आणि वहिनी देतील तर देतील.