मधला चौकोन

(कानाच्या मशीनची चिप आखणाऱ्या ऑफिसात एका स्क्रीनपुढे दोघं: तिथला सगळ्यात जुना इंजिनिअर, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरची इंजिनिअर.)

मास्तर : रडून झालं असेल तर स्क्रीन इकडे वळव.

शेजारीण : रडत नाहीये, चिडलेय. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये माझा भाग चिपमधून उडवणारेत. मग कानाचं मशीन आवाज नुसता मोठा करणार. गोंगाट गाळायचं काम बोंबललंच!

मास्तर : का उडवतायत?

शेजारीण : एक सिग्नल उशिरा पोचतो म्हणून. आणि तो माझा नाहीच! डावीकडच्यांचा, उजवीकडे जाणारा. माझ्या भागाच्या डोक्यावरून जातो.

मास्तर : हा मधला चौकोन तुझा?

शेजारीण : हो. माझ्या सर्किटचे सगळे गेट यातच बसव, असं सॉफ्टवेअरला सांगून ठेवलंय.

मास्तर : आणि दुसऱ्यांचे?

शेजारीण : त्यांना मज्जाव! मागच्या चिपमध्ये सगळे माझ्यात घुसले, माझी पार दाणादाण उडाली. यंदा म्हटलं, कुंपणच घालू.

मास्तर : अगं, लांब तारेत सिग्नल दमतो. वाटेत त्याला रेटा द्यायला बफर लागतात. ते कुठे बसणार?

शेजारीण : वाटेत... अरे देवा.

मास्तर : वाट तुझ्या अंगणातून, आणि फाटकाला तू कुलूप घातलंयस.

शेजारीण : म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मास्तर : चौकोन पुसू नकोस. तुझे गेट आतच राहू देत, फक्त दुसऱ्यांना यायची मुभा दे. जागा आहे ना?

शेजारीण : मोप आहे. हं, दिली मुभा. एवढाच भाग परत चालवते. तोवर कॅन्टीनमध्ये चहा घेऊ, चला.

मास्तर : तू ये जाऊन.

शेजारीण : कधीच येत नाही तुम्ही. सगळे म्हणतात, मास्तरांना माणसांची ॲलर्जी आहे.

मास्तर : म्हणू देत. माझ्या कानातलं हे मशीन बघ. तिथे ताटं, खुर्च्या, सगळ्यांची बडबड एकदम कानात ओततं. समोरचा काय बोलतो ते कळत नाही. नुसती हसून मान किती डोलवायची?

शेजारीण : आणि आम्ही तुम्हाला शिष्ट म्हणत होतो! बोलायचं तरी एकदा.

मास्तर : स्क्रीन बघ आधी.

शेजारीण : पोचला! मास्तर, वेळेत पोचला! एकही लाल रेघ नाही. हुश्श... जीव भांड्यात पडला हो.

मास्तर : जा आता मीटिंगला. ताठ मानेनं सांग.

शेजारीण : सांगते. आणि ही चिप तयार होऊन आली ना, की पहिलं मशीन तुमच्या कानात.

मास्तर : मग कॅन्टीनमध्ये माझी खुर्ची धरून ठेव. भिंतीकडची नको. मधली.