टीव्हीतलं जानवं

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्यापुढे पंचवटीतले एक गुरुजी आणि त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. गुरुजींनी सीपीयू पोटाशी धरला होता.

“अहो, मला टीव्हीवर सिनेमे बघता यावेत म्हणून जुने पार्ट आणून तुम्हीच हा जोडलात. चांगला चालतोय की!”

“सिनेमे ठीक आहेत गं. काल त्यावर व्हिडिओ कॉल लावून कॅनडाच्या यजमानांच्या वडिलांचं श्राद्ध घेतलं, तिथे घोळ झाला.”

“कसला?”

“जानवं उजव्या खांद्यावर घ्या म्हटलं. टीव्हीत दिसलं डाव्या. मग म्हटलं, बदला.”

“बदललं ना त्यांनी?”

“लगेच. पिंडदान झालं, आणि माझं लक्ष त्यांच्या मागच्या कॅलेंडरकडे गेलं. सगळी अक्षरं उलटी!”

“अगंबाई! म्हणजे आधीचंच बरोबर होतं?”

“तेच कळत नाहीये. त्यांना विचारलं, तर म्हणाले, उजवाच खांदा आहे.”

“मग झालं की!”

“अगं, पण तेही स्वतःला पडद्यावर बघूनच सांगत होते.”

“बोला गुरुजी, काय बिघडलंय?” दुकानदाराने विचारलं.

“बिघडलं काही नाही. यातली डावी-उजवी बाजू बदलून मिळेल का?”

“मिळेल की.”

“आणि ती कालपासून धरता येईल?”