हात घसरला, परत घेऊ

वहिनी : किती वेळ बेल दाबताय, भावजी? मी मागे कपडे वाळत घालत होते. आणि यांना काही ती ऐकू जात नाही.

गिटारवाला : मला वाटलं, झोपलाय.

वहिनी : झोपतायत कसले! प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून टक्क जागे आहेत. बेलचा आवाज बारीक आहे ना. बारीक आवाजच जात नाहीत आता कानात. गोळ्यांसाठी फोनला गजर लावून दिलाय, तर तो उशाशी ओरडत असतो आणि हे छताकडे बघत पडलेले. बोलणं मात्र सगळं ऐकू येतं. नको ते तर आधी.

गिटारवाला : त्याला सांगितलंत?

वहिनी : कुठल्या तोंडाने सांगू? रेकॉर्डिस्टचा कान गेला असं बाहेर कळलं, तर उद्या त्या खुर्चीत दुसरा बसेल. तुम्हीही बोलू नका हं.

गिटारवाला : मी कशाला बोलू? मला कधीचं माहीत आहे.

वहिनी : ते कसं?

गिटारवाला : एकदा माझी तार चांगली करकरली, आणि काचेपलीकडून याने मान डोलावून अंगठा वर केला. तेव्हाच समजलो. तेव्हापासून तसं काही झालं की मीच म्हणतो, हात घसरला, परत घेऊ.

वहिनी : म्हणजे दोष स्वतःवर घेता?

गिटारवाला : माझ्यावर खपून जातो. आयुष्यभर ‘वनटेक’ म्हणून मिरवलो, एखादा टेक जास्त लागला तर कोण विचारतंय? पण आज मी त्याच्याशी भांडायला आलोय, वहिनी.

वहिनी : भांडा बाई. घरात तेवढीच करमणूक. जा आतल्या खोलीत, मी चहा टाकते.

रेकॉर्डिस्ट : अरे, वनटेक! कधी आलास? बेल नाही वाजवलीस?

गिटारवाला : वहिनी दारातच होत्या. हे घे.

रेकॉर्डिस्ट : सफरचंदं? जिन्यावरून पडलोय मी, बाळंत नाही झालो. बस. ती खुर्ची नको, तिचा पाय माझ्यासारखाच आहे. काय म्हणतो स्टुडिओ?

गिटारवाला : तुझ्या जागी बसवलेली ती मुलगी काय काम करते रे!

रेकॉर्डिस्ट : करते ना? मीच शिकवलीय.

गिटारवाला : छान शिकवलंस. आज एक तुकडा वाजवला, गाण्याच्या दोन ओळींमधला. अगदी साधा. वाजवून बाहेर आलो, म्हटलं, ऐकव. तिने ऐकवला.

रेकॉर्डिस्ट : तसाच?

गिटारवाला : तसाच म्हणजे? तसाच ऐकवायचा नसतो का? बोल की.

रेकॉर्डिस्ट : पुढे काय झालं ते सांग.

गिटारवाला : काय व्हायचंय! ड्रम चाललाय पुढे, आणि मी त्याच्या मागनं, चप्पल तुटलेल्या माणसासारखा. प्रत्येक ठोक्याला मागे. संगीतकार खिडकीबाहेर बघायला लागला. तिथे बाहेर बघण्यासारखं काय आहे? पाण्याची टाकी. आणि ती पोर मला धीर देते, ‘काळजी करू नका, आमचे सर नेहमी ओढून जागेवर आणतात, मीही आणते.’ नेहमी!

रेकॉर्डिस्ट : गाढव आहे कार्टी.

गिटारवाला : तिला काही बोलू नकोस. एवढ्या लोकांत ती एकटी खरं बोलली. कधीपासून चाललंय हे?

रेकॉर्डिस्ट : हल्ली सगळ्यांचंच ओढतात रे. विशीतल्या पोरांचंसुद्धा. कम्प्युटरवर केसभर सरकवायचं की झालं.

गिटारवाला : सगळ्यांचं मी विचारलं नाही.

रेकॉर्डिस्ट : झाली असतील दोनेक वर्षं.

गिटारवाला : अरे देवा! आणि मी जेवणाच्या सुट्टीत त्या पोरांना ताल कसा राखावा यावर प्रवचनं देतोय. मनातल्या मनात लोळत असतील हसून.

रेकॉर्डिस्ट : कुणाला माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गिटारवाला : मूठ माझी, आणि झाकून तू बसलास! मला सांगायचंस ना.

रेकॉर्डिस्ट : काय सांगायचं? दिवसाला तीन-तीन स्टुडिओ करणारा माणूस तू. सकाळी विरह, दुपारी देशभक्ती, संध्याकाळी साबण. समोर कागद ठेवला की एका दमात वाजवून, गिटार पेटीत, आणि जिना उतरलेला. गायक गाणं पाठ करेपर्यंत तू घरी पोचलेला असायचास. त्या माणसाला मी सांगू, की बाबा रे, तू मागे पडतोस?

गिटारवाला : हो. तूच सांगायचंस. दुसरं आहे कोण? गाण्याखाली माझं नाव नाही. घरात पोरांना गिटार म्हणजे बापाचा डबा. सकाळी घेऊन जातो, संध्याकाळी आणतो. माझं बरंवाईट ऐकणारा जगात तू एकटा. आणि तूच मला गोड गोड ऐकवत बसलास. लागलं रे मला ते.

रेकॉर्डिस्ट : मला वाटलं, तुला माहीत आहे.

गिटारवाला : मला कसं असेल?

रेकॉर्डिस्ट : अरे, सुरुवात तूच केलीस! ज्याला सगळे वनटेक म्हणतात, तोच उठसूट म्हणायला लागला, हात घसरला, परत घेऊ. मला तर टेक छान वाटायचा. एकदम स्वच्छ. पण तू म्हणायचास, घसरला. म्हटलं, याचं यालाच आतून कळलंय. वय झालं. मग मी स्क्रीनवर नीट बघायला लागलो, तर खरंच मागे. तेव्हापासून ओढायला लागलो.

गिटारवाला : स्वच्छ वाटायचा तुला तो टेक.

रेकॉर्डिस्ट : आरशासारखा. का रे?

गिटारवाला : काही नाही.

रेकॉर्डिस्ट : काहीतरी आहे तुझ्या पोटात. बोल.

गिटारवाला : काही नाही म्हटलं ना. घसरायचा हात. तुला काचेपलीकडून नाही कळायचं.

रेकॉर्डिस्ट : बरं बाबा.

गिटारवाला : एक सांग. तू हात न लावता पाठवलेला माझा शेवटचा तुकडा कुठला?

रेकॉर्डिस्ट : कशाला उकरून काढतोस?

गिटारवाला : सांग रे.

रेकॉर्डिस्ट : पंख्याची जाहिरात.

गिटारवाला : पंखा?

रेकॉर्डिस्ट : छताचा. तो वरून खाली येणारा तुकडा. छान वाजवला होतास.

गिटारवाला : निदान एखादं गाणं तरी सांगशील, वाटलं होतं. लागते का अजून ती जाहिरात?

रेकॉर्डिस्ट : कंपनीच बुडाली.

गिटारवाला : वा! मग ठरलं. मी थांबतो. पुढच्या महिन्यातलं ते पिक्चरचं काम, त्यांना उद्याच नाही म्हणून कळवतो. दमलो रे. खांदा भरून येतो, सकाळी बोटं उघडत नाहीत, आता ठोकाही हातचा गेला. कशाच्या जिवावर बसू?

रेकॉर्डिस्ट : थांब की. कोण अडवतंय? मी मात्र अजून दहा वर्षं ती खुर्ची सोडत नाही. पाय मोडला तरी कान शाबूत आहे. तुझ्या जागी येईल एखादा पोरगा.

गिटारवाला : येईल. आणि त्याची तार करकरली तर?

रेकॉर्डिस्ट : तर थांबवीन, परत वाजवायला लावीन. बसवलंय कशाला मला तिथे?

वहिनी : चहा घ्या. झालं का भांडण?

रेकॉर्डिस्ट : हे महाशय गिटार खाली ठेवतायत म्हणे.

वहिनी : खरंच, भावजी?

गिटारवाला : म्हणत होतो तसं.

वहिनी : साखर बघा बरोबर आहे का. हे तर पुढच्या महिन्यात जाणारच. माझं कुठे ऐकतात! तुम्ही तिथे असलात की मला घोर नसतो, एवढंच. पण मी आग्रह करणार नाही. तुमचा जीव दमलाय, दिसतंय मला.

गिटारवाला : साखर बरोबर आहे, वहिनी.

रेकॉर्डिस्ट : हिला घोर कसला लागलाय?

गिटारवाला : तुझ्या पायाचा. त्या स्टुडिओला लिफ्ट आहे का? तुला धरून वर कोण नेणार?

रेकॉर्डिस्ट : तू येणार नाहीस म्हणालास.

गिटारवाला : येतो.

रेकॉर्डिस्ट : आत्ता तर थांबत होतास!

गिटारवाला : हे एक पिक्चर करू. मग बघू. आणि मागे पडलो तर ओढत जा. पण मला सांगून ओढ.

रेकॉर्डिस्ट : सांगेन. शपथ. आणि तूही एक कर. ते ‘हात घसरला, परत घेऊ’ बंद कर. लोक कुजबुजतात. तुझंच नाव खराब होतं.

गिटारवाला : ते नाही बंद होणार.

रेकॉर्डिस्ट : का?

गिटारवाला : सवय लागलीय.

रेकॉर्डिस्ट : हट्टी आहेस. जाऊ दे. चहा संपव. तू आलास, बरं वाटलं. दिवसभर नुसतं पडून राहायचं म्हणजे...

(उशाशी पालथ्या ठेवलेल्या फोनमध्ये गोळीचा बारीक गजर वाजू लागतो.)

रेकॉर्डिस्ट : ...शांतता तेवढी भरपूर आहे. आता बघ ना, कसलाच आवाज नाही.

गिटारवाला : हं. दे बघू तो फोन इकडे. तुझी गोळीची वेळ झाली नाही का?

रेकॉर्डिस्ट : अरे हो, झालीच असेल. तुला कसं कळलं?

गिटारवाला : अंदाजाने. घे पाणी.